जेम्स डीनची पोर्शे आज ट्रॅक डेला नेली असती, तर तपासणीतच अडकली असती

जेम्स डीन म्हटलं की लाल जॅकेट, ओठात सिगारेट आणि पोर्शेचा अपघात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या 'शापित गाडी'चे व्हिडिओ तर अधूनमधून फिरून फिरून तुमच्यासमोर येतातच.

पण या सगळ्यात एक गोष्ट मागे राहते. हा माणूस हौशी रेसर होता आणि चांगला रेसर होता. तो गेला तेव्हाही रेसलाच निघाला होता. गाडी होती बिनछताची. ती उलटली असती तर डोकं वाचवायला मागे एक साधा लोखंडी पाइपसुद्धा नव्हता.

आज हौशी लोक आपापली गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जातात, त्याला ट्रॅक डे म्हणतात. तिथे कन्व्हर्टिबल म्हणजे उघड्या टपाच्या गाडीला वेगळे नियम असतात. ते का असतात, हे डीनच्या गोष्टीतून बरोबर कळतं.

तर सुरुवातीपासून बघू.

जेम्स डीनचा जन्म ८ फेब्रुवारी १९३१ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावचा. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात गेलं. तो नऊ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. वडिलांनी पोराला परत इंडियानात, फेअरमाउंट गावी आत्या आणि तिच्या नवऱ्याकडे पाठवलं. ज्या ट्रेनने पोरगं निघालं, त्याच ट्रेनमध्ये आईची शवपेटी होती. पुढचं बालपण शेतावर गेलं. तिथेच मोटरसायकल हातात आली आणि वेगाचं वेड लागलं ते कायमचं.

शाळा संपल्यावर १९४९ मध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला. कॉलेज अर्धवट सोडलं, एका कोल्ड्रिंकच्या जाहिरातीत दिसला, मग न्यूयॉर्कला जाऊन नाटकं केली. दिग्दर्शक एलिया कझानने त्याला 'ईस्ट ऑफ ईडन'साठी निवडलं आणि मार्च १९५५ मध्ये तो पिक्चर आला. डीन स्टार झाला. पुढे अवघे सहा-सात महिने त्याच्या हातात होते.

पैसे आले तशा गाड्या आल्या. आधी एमजी, मग १९५५ च्या सुरुवातीला पोर्शेची ३५६ स्पीडस्टर. दोन्ही उघड्या. त्या काळात कॅलिफोर्नियात हौशी रेसिंग जोरात होतं. विमानतळाच्या धावपट्ट्यांवर गवताचे भारे रचून ट्रॅक आखायचे आणि शनिवार-रविवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन हजर व्हायचे.

मार्चमध्ये पाम स्प्रिंग्जला डीन पहिल्यांदा उतरला. नवख्यांची रेस जिंकला आणि मोठ्या रेसमध्ये दुसरा आला. मे महिन्यात बेकर्सफील्डला आपल्या गटात पहिला, एकूणात तिसरा. महिन्याच्या शेवटी सँटा बार्बराला अठराव्या जागेवरून सुटून चौथ्यापर्यंत आला होता, पण इंजिनचा पिस्टन गेला. म्हणजे नट आहे म्हणून हौस भागवत होता, असं नव्हतं. शिवाय त्याला चष्म्याशिवाय नीट दिसायचं नाही, हेही लक्षात घ्या.

नंतर 'जायंट'चं शूटिंग सुरू झालं आणि स्टुडिओने रेसिंगवर बंदी घातली. शूटिंग संपेपर्यंत रेस नाही म्हणजे नाही. स्टुडिओचा पैसा अडकला होता, त्यांचं काही चुकलं नाही.

त्याच काळात, १७ सप्टेंबर १९५५ ला 'जायंट'च्या सेटवर त्याने रस्ते सुरक्षेची एक छोटी फिल्म केली. त्यात त्याचा मुद्दा असा होता की, ट्रॅकवर पळणारे एकमेकांची काळजी घेतात, खरा धोका साध्या रस्त्यावर आहे. हे अगदीच चुकीचं नव्हतं. ट्रॅकवर समोरून गाडी येत नाही आणि कुणी अचानक डावीकडे वळत नाही.

चार दिवसांनी, २१ सप्टेंबरला त्याने स्पीडस्टर देऊन पोर्शे ५५० स्पायडर घेतली. पोर्शेने या गाड्या जेमतेम ९० बनवल्या होत्या. ॲल्युमिनियमचं शरीर, वजन साधारण ५५० किलो, सीटच्या मागे दीड लिटरचं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन. ही रस्त्यावर चालवता येणारी रेसची गाडी होती. ब्रिटिश नट ॲलेक गिनेसने पुढे सांगितलं की, त्याने ही गाडी बघितली आणि ती चालवलीस तर आठवड्यात मरशील, असं डीनला बजावलं. खरं-खोटं गिनेसलाच ठाऊक, पण गाडी बघून कुणाही शहाण्या माणसाच्या पोटात गोळा आला असता.

कारण काय?

साध्या गाडीचं छत नुसतं ऊन-पावसासाठी नसतं. गाडी उलटली की सगळं वजन छत आणि त्याचे खांब पेलतात. उघड्या गाडीत ते काम करायला काहीच नसतं. काचेची फ्रेम असते, पण नुसत्या फ्रेमच्या भरवशावर कुणी राहू नये. आणि ट्रॅकवर गाडी उलटते कशी, तर बहुतेकदा धडक न होताच. वळणावर गाडी बाहेर जाते, चाक माती-खडीत रुततं आणि गाडी कोलांटी खाते.

त्या काळच्या रेसर लोकांमध्ये एक समज होता. पट्टा बांधून गाडीखाली चिरडण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण रोल बार नसलेल्या गाडीत त्याला तर्क होता. पट्ट्याने सीटला बांधलेल्या माणसाचं डोकं हाच गाडीचा सगळ्यात उंच भाग असेल, तर उलटल्यावर जमिनीला आधी तेच लागणार. म्हणून पट्टा आणि रोल बार ही जोडी आहे. नुसता पट्टा असला तर डोकं उघडं. नुसता बार असला तर माणूस बाहेर.

आजच्या ट्रॅक डेला उघडी गाडी घेऊन गेलात की बहुतेक क्लब आधी रोल बार बघतात. मग तुम्हाला हेल्मेट घालून सीटवर बसवतात आणि एक सरळ दांडा रोल बारच्या टोकापासून समोरच्या काचेच्या फ्रेमवर टेकवतात. दांडा झाडूचा असला तरी चालतो, खरंच. हेल्मेट त्या दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. किती खाली, ते प्रत्येक क्लब ठरवतो. अनेक ठिकाणी दोन इंच मागतात. गंमत म्हणजे एकाच गाडीत बुटका माणूस पास होतो आणि उंच माणूस नापास. डीन बुटक्यांतला होता, त्याला हा दांडा अडला नसता. पण दांडा टेकवायला मागे बार तरी हवा ना!

सीटमागे दिसायला छान म्हणून लावलेले कमानीसारखे पाइप चालत नाहीत. गाडी उलटताना आपोआप वर येणारे कंपनीचे बार काही क्लब मान्य करतात, काही करत नाहीत, म्हणून जायच्या आधी विचारून घेतलेलं बरं. बारचा जो भाग डोक्याला लागू शकतो, त्यावर जाड पॅडिंग पाहिजे. काही ठिकाणी हातांनाही पट्टे बांधतात, कारण गाडी उलटताना हात आपोआप बाहेर जातात. आणि शेजारी कुणी बसणार असेल, तर त्यालाही हे सगळं तसंच पाहिजे.

हेल्मेटचीही एक गोष्ट आहे. डीन गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पीट स्नेल नावाचा हौशी रेसर डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट होतं, ते कामाला आलं नाही. त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढून हेल्मेट तपासायला सुरुवात केली. आज रेसच्या हेल्मेटवर स्नेलचं स्टिकर असतं ते हेच. हौशी क्लबच्या नियमांमागे अशी माणसं आहेत.

आता ३० सप्टेंबर १९५५. डीनला सलिनासच्या रेसला जायचं होतं. गाडी ट्रेलरवर टाकून न्यायचं ठरलं होतं. पण नव्या इंजिनला थोडा रस्ता दाखवावा म्हणून तो स्वतःच चालवत निघाला. शेजारी पोर्शेचा मेकॅनिक रोल्फ व्युथरिख. दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसांनी वेगाची पावती फाडली, ५५ मैलांच्या रस्त्यावर ६५ मैल. पावणेसहाच्या सुमारास चोलेमजवळ समोरून आलेली फोर्ड फाट्यावर डावीकडे वळली. धडक झाली.

व्युथरिख गाडीबाहेर फेकला गेला. जबडा मोडला, पाय मोडला, पण वाचला. डीन गाडीतच अडकला, त्याची मान मोडली होती. वय २४. तो प्रचंड वेगात होता असं लोक आजही सांगतात, पण अपघातस्थळी आलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा अंदाज ५५ मैलांच्या आसपासचा होता. फोर्डच्या चालकावर गुन्हा आला नाही.

रोल बार असता तर डीन वाचला असता का? बहुधा नाही. बार उलटण्यासाठी असतो, समोरून मोठ्या गाडीने दिलेल्या धडकेसाठी नाही. चुकलं ते त्याच्याही आधी. रेसची गाडी ट्रेलरवरून उतरली, तिथेच. उघड्या टपाच्या गाडीला ट्रॅकवर निदान समोरून कुणी येणार नव्हतं.

महिन्याभरात 'रिबेल विदाऊट अ कॉज' आला, पुढच्या वर्षी 'जायंट'. मृत्यूनंतर अभिनयासाठी दोन ऑस्कर नामांकनं मिळालेला तो एकमेव नट आहे. गाडीचा सांगाडा मात्र रस्ते सुरक्षेचं प्रदर्शन म्हणून गावोगावी फिरवला गेला. लोक तिकीट काढून बघायला यायचे. १९६० मध्ये तो गायब झाला, तो आजवर सापडलेला नाही. शापाच्या बहुतेक गोष्टी ज्याने तो फिरवला त्याच्याच तोंडच्या आहेत, त्यामुळे जरा जपूनच ऐकायच्या.

गाडीचा गिअरबॉक्स मात्र मिळाला. २०२१ मध्ये लिलावात तो ३ लाख ८२ हजार डॉलरला गेला.