खासबागेचे शाहू महाराज

महागाव तालुक्यातून कोल्हापूर लांब. तरी २६ जूनला, सामाजिक न्याय दिनी, आपल्या वस्त्यांतही राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणांत आरक्षण येते, माणगाव येते. कुस्तीचे मैदान मात्र राहून जाते. तिकडे कुस्तीशौकिनांच्या गप्पांत मैदान येते आणि आरक्षण गळते. महाराजांची ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. दहा वर्षांनी कारभार हाती आला. धिप्पाड देहाच्या या राजाला तालमीचा भारी नाद. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन गोल क्रीडागार पाहिले आणि असे मैदान आपल्याकडेही हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्याच प्रवासाच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम कोल्हापुरात निघाला. मैदानाची कल्पना आणि आरक्षण एकाच वर्षातले आहेत, हे किती जणांना ठाऊक असते?

खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली गोल बैठक. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या कष्टकऱ्यालाही डाव दिसतो. उद्घाटनाला गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. कोल्हापूरच्या राजाने पहिला मान उत्तरेतल्या मुसलमान पैलवानांना दिला, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

पण मातीला जात नसली तरी पाण्याला होती. महाराजांच्याच पदरी चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण चाकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना त्यांनी भर शहरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि तिथे गाडी थांबवून, सोबतच्या बड्या मंडळींसह ते चहा घेऊ लागले. १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम निघाले. हुकूम काढणारे पुष्कळ असतात. आधी स्वतः कप हातात घेणारा विरळा.

पुढचे आपल्याला जवळचे. तरुण भीमराव आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपये दिले, मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांना बहिष्कृतांचा पुढारी म्हणून गौरविले. दोन महिन्यांनी महाराज आपल्या विदर्भात आले. नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पुरी नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. तेही महाराजांनीच बांधलेले होते.