गणिती रिचर्ड हॅमिंग

चूक झाली आहे एवढे कळणे वेगळे, आणि ती नेमकी कोठे झाली आहे हे कळणे वेगळे. अंकगणिताच्या वहीत उत्तराखाली तांबडी फुली पाहिली म्हणजे पहिली गोष्ट विद्यार्थ्यास तत्काळ समजते. परंतु दुसरी समजण्यासाठी त्याला सबंध उदाहरण आरंभापासून पुन्हा तपासावे लागते. हिशेबाचा ताळा जमत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत वह्या चाळीत बसणारे दुकानदार व कारकून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असतील. या दोहोंतील अंतर त्यांनाही चांगले ठाऊक आहे. हे अंतर यंत्राला स्वतःच ओलांडता येईल काय, असा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास एका अमेरिकन गणितज्ञाला पडला. त्याने जे उत्तर शोधून काढले, त्यातून एक नवे शास्त्रच उदयास आले. त्या रिचर्ड वेस्ली हॅमिंग यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहो.

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. त्यांचे शालेय शिक्षण त्याच शहरात झाले. इंजिनियर व्हावे अशी त्यांची मनीषा होती. परंतु तो काळ अमेरिकेतील महामंदीचा होता आणि शिष्यवृत्तीवाचून पुढील शिक्षण होणे शक्य नव्हते. शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठात इंजिनियरिंगची शाखाच नव्हती! तेव्हा हॅमिंग यांनी गणित हा विषय घेतला. जो मार्ग नाइलाजाने पत्करावा लागला, त्यानेच त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. १९३७ साली ते शिकागोचे पदवीधर झाले, १९३९ साली नेब्रास्का विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळविली, आणि १९४२ साली इलिनॉय विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी वांडा लिटल या विदुषीशी त्यांचा विवाह झाला.

काही काळ अध्यापन केल्यावर १९४५ च्या एप्रिल महिन्यात ते न्यू मेक्सिको प्रांतातील लॉस अलामोस येथे गेले. तेथे अतिशय गुप्तपणे अणुबाँब तयार होत होता. शास्त्रज्ञांनी मांडलेली लांबच लांब गणिते यंत्रांकडून करवून घेणे हे हॅमिंग यांचे काम होते. पहिल्या चाचणीपूर्वी एका सहकाऱ्याने त्यांच्यापुढे काही आकडेमोड तपासणीसाठी ठेवली. या स्फोटाने पृथ्वीचे सारे वातावरणच पेट घेईल काय, याविषयीचे ते गणित होते. हॅमिंग यांनी ते तपासले व आकडेमोड बिनचूक असल्याचे सांगितले. परंतु ज्या सूत्रांवर ती आधारलेली होती, ती सूत्रे खरी आहेत की नाहीत याची हमी आपण देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. चाचणी १६ जुलै १९४५ रोजी झाली. वातावरण पेटले नाही. तथापि एखाद्या आकड्याच्या खरेखोटेपणावर केवढे मोठे ओझे असू शकते, याचा हा अनुभव हॅमिंग यांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही.

१९४६ साली ते बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे एक प्रचंड गणकयंत्र होते. आजच्या संगणकासारखे ते नव्हते. विजेने उघडझाप होणाऱ्या सुमारे ९,००० रिलेंचा तो खटखटणारा पसारा होता. प्रत्येक अंकासाठी ठराविक संख्येचेच रिले चालू व्हावेत अशी त्यात योजना असल्यामुळे, एखादा रिले अडखळला की चूक झाल्याचे यंत्राला समजे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी अशा वेळी दिवा लागे आणि तेथील माणसे येऊन दोष दूर करीत. पण हॅमिंग यांच्या वाट्याला यंत्र येई ते शनिवार-रविवारी, जेव्हा तेथे कोणीच नसे. अशा वेळी चूक आढळली की यंत्र ते गणित टाकून देई आणि पुढच्या कामास लागे. १९४७ साली लागोपाठ दोन आठवडे सोमवारी सकाळी येऊन पाहतात तो आपले काम तसेच अर्धवट पडलेले, असे त्यांना आढळले. दुसरा एखादा मनुष्य नशिबास दोष देऊन स्वस्थ बसला असता. हॅमिंगही संतापले, परंतु त्या संतापातून त्यांनी एक विचार निवडून घेतला: यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कोणत्या जागी झाली हेही त्याला का कळू नये?

आमच्या वाचकांस जमाखर्चाच्या वहीवरून त्यांच्या पहिल्या युक्तीची कल्पना येईल. आकड्यांचे रकाने मांडून प्रत्येक आडव्या ओळीची व प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज लिहून ठेविली, आणि पुढे एकच आकडा बिघडला, तर एका ओळीचा ताळा चुकेल व एका रकान्याचाही चुकेल. ती ओळ व तो रकाना जेथे एकमेकांस छेदतात तेथेच चूक. ही युक्ती चांगली खरी, परंतु तीत ताळ्यासाठी जागा फार खर्ची पडते. कमीत कमी जागेत हेच कसे साधेल याचा ध्यास हॅमिंग यांनी घेतला आणि अखेर जी रचना त्यांना सापडली ती अशी.

संगणकाला शून्य व एक ही दोनच चिन्हे ठाऊक. अशा प्रत्येक चिन्हास बिट म्हणतात. चार बिटांचा संदेश पाठवावयाचा आहे असे समजा. सात घरे आखून त्यांना १ ते ७ क्रमांक द्यावे. घरे ३, ५, ६ व ७ यांत संदेश लिहावा आणि घरे १, २ व ४ ताळ्यासाठी राखून ठेवावी. पहिला ताळा १, ३, ५, ७ या घरांचा. दुसरा २, ३, ६, ७ यांचा. तिसरा ४, ५, ६, ७ यांचा. प्रत्येक गटातील एकांची संख्या सम व्हावी अशा बेताने ताळ्याच्या घरात शून्य किंवा एक लिहावयाचे. संदेश १०११ असेल, तर सात घरांत ०११००११ असे येते. आता वाटेत सहाव्या घरातील एकाचे शून्य झाले आणि समोरच्यास ०११०००१ असे मिळाले. तो तिन्ही ताळे पाहतो. पहिला जमतो, दुसरा चुकतो, तिसरा चुकतो. चुकलेल्या ताळ्यांच्या घरांचे क्रमांक २ व ४. त्यांची बेरीज ६. म्हणजे सहाव्या घरात चूक! तेथील चिन्ह उलटे केले की मूळ संदेश जसाच्या तसा हाती येतो. विद्यार्थ्यांनी पेन्सिल घेऊन दुसरे कोणतेही घर बिघडवून पाहावे; ताळे त्याच घराकडे बोट दाखवितील. ताळ्याचे घरच बिघडले, तरी तेही ओळखू येते.

या रचनेत जागेचा अपव्यय मुळीच नाही, हे तिचे खरे सौंदर्य होय. चार बिटांचे संदेश १६ होतात. प्रत्येकाचे शुद्ध रूप एक व एका चुकीने बिघडलेली रूपे सात, मिळून आठ. सोळा आठे १२८. आणि सात घरांत शून्य-एक भरण्याचे एकूण प्रकारही बरोबर १२८ च! एकही प्रकार वाया जात नाही, एकही दोघांच्या वाट्यास येत नाही. मात्र प्रत्येक युक्तीस मर्यादा असते. दोन घरे एकदम बिघडली तर ही पद्धती तिसऱ्याच घरावर आळ घेते. त्यावर उपाय म्हणून सर्व घरांचा मिळून एक चौथा ताळा आठव्या घरात जोडतात. त्याने निदान दोन चुका झाल्याचे कळते. महत्त्वाच्या संगणकांच्या स्मृतीत याच जातीच्या योजना वापरल्या जातात.

एवढा महत्त्वाचा शोध लागला, परंतु तो जगापुढे येण्यास विलंब लागला. कंपनीला त्याचे पेटंट घ्यावयाचे होते आणि तोपर्यंत लेख छापू द्यावयाचा नव्हता. इकडे त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात हॅमिंग यांच्या नावाने सात घरांचे उदाहरण दिले. मार्सेल गोले या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९४९ साली त्याच मार्गाने पुढे जाऊन आपला छोटा लेख प्रसिद्ध केला; त्यात तीन चुका दुरुस्त करणारी तेवीस घरांची रचनाही होती. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध छापून आला तो १९५० च्या एप्रिलमध्ये. त्यामुळे श्रेय कोणाचे, असा वाद पुढे झाला. ज्ञान कुलपात ठेविले तर त्याच्या धन्याचेही कधी कधी नुकसान होते, ते असे. पेटंट १९५१ साली मिळाले. परंतु १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार कंपनीला आपली तोवरची पेटंटे बहुतांशी विनामूल्य खुली करावी लागली. गोले यांच्या रचनेच्या चोवीस घरांच्या रूपाने पुढे गुरू व शनी या ग्रहांची रंगीत छायाचित्रे व्हॉयेजर यानांवरून पृथ्वीवर सुखरूप आणली.

या शास्त्रात आमच्या देशबांधवांचाही वाटा आहे, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० साली अनेक चुका दुरुस्त करणारी एक रचना प्रसिद्ध केली. ऑकेंगेम या फ्रेंच गणितज्ञास ती आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडली होती, म्हणून ती तिघांच्याही नावाने ओळखली जाते. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरच्चंद्र श्रीखंडे यांनी १९५९ साली बोस यांच्यासमवेत अशाच संकेतांवर निबंध लिहिला होता.

हॅमिंग १९७६ पर्यंत बेल प्रयोगशाळेत होते. १९६८ साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाने सुवर्णपदक स्थापन झाले व १९८८ साली ते प्रथम त्यांनाच अर्पण करण्यात आले. उत्तरायुष्यात कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या विद्यालयात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले आणि ७ जानेवारी १९९८ रोजी ते निवर्तले. स्वभावाने ते स्पष्टवक्ते होते. भोजनाच्या वेळी रसायनशास्त्रज्ञांच्या मेजावर जाऊन, तुमच्या शास्त्रातले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न कोणते व तुम्ही त्यांवर का काम करीत नाही, असे ते विचारीत. काही दिवसांनी त्या मेजावर त्यांचे स्वागत होईनासे झाले! खोलीचे दार लावून काम करणारा आज अधिक काम उरकतो, परंतु दार उघडे ठेवणाराच दहा वर्षांनी महत्त्वाचे काम करताना आढळतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

हे उघडे दार आज एका निराळ्याच ठिकाणी पाहावयास मिळते. गणितासाठी लिहिलेले काही संगणक-कार्यक्रम असे आहेत की ते कोणासही विनामूल्य मिळतात, त्यांचा अंतर्भाग कोणासही वाचता येतो आणि सुधारताही येतो. जर्मनीतील आखेन येथे १९८६ साली गॅप नावाचा असा कार्यक्रम सुरू झाला. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील विद्यार्थ्यांनी त्याला चुका सुधारणाऱ्या संकेतांचे एक प्रकरण जोडले व त्यास ग्वाव्हा, म्हणजे आपला पेरू, हे गमतीचे नाव दिले. २००५ साली अमेरिकेत सेज हा कार्यक्रम निघाला. त्याने पेरूही आपल्या टोपलीत घेतला आणि स्वतःचेही संकेत-प्रकरण रचले. २०१४ च्या सुमारास फ्रान्समधील संशोधकांनी त्या प्रकरणाची नव्याने बांधणी हाती घेतली. संकेत वेगळा, संदेश त्यात घालण्याची रीत वेगळी आणि चुका काढून तो परत मिळविण्याची रीत वेगळी, असे भाग त्यांनी पाडले. त्यामुळे एखाद्यास चुका काढण्याची नवी रीत सुचली तर बाकीच्या इमारतीस धक्का न लावता ती तेथे बसविता येते.

या कामाचा एक नियम आम्हांस विशेष मननीय वाटतो. कोणी कितीही विद्वान असो, त्याने लिहिलेला भाग दुसऱ्या जाणत्याने तपासल्यावाचून स्वीकारला जात नाही. आणि प्रत्येक भागासोबत सोडविलेली उदाहरणे द्यावी लागतात, ती यंत्र पुनःपुन्हा करून पाहते व उत्तर बदलले तर तत्काळ सांगते. हॅमिंग यांच्या सात घरांपैकी तीन घरे स्वतःची कोणतीही वार्ता वाहून नेत नाहीत. इतर घरांवर लक्ष ठेवणे एवढेच त्यांचे काम. तपासनिसाचे कामही तसेच. त्याचे नाव मोठ्या अक्षरांत झळकत नाही, परंतु त्याच्यावाचून सारी रचना एका चुकीच्या दयेवर राहते.

हे कार्यक्रम मिळविण्यास पैसा लागत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणक हाताळावयास मिळतो, त्यांनी हॅमिंग यांची सात घरे त्यात मांडून पाहावी, मुद्दाम एक चूक करावी आणि यंत्र ती कशी पकडते ते पाहावे. ज्यांना संगणक मिळत नाही, त्यांस कागद व पेन्सिल पुरेशी आहे. हॅमिंग यांना तरी आपली रचना शोधताना याहून अधिक काय लागले? आणि आपली वही शेजाऱ्यास तपासावयास देताना ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी ताळ्याची ती तीन घरे अवश्य आठवावी.