साडीतली मरिया

आजचं वचन: कलस्सैकरांस पत्र १:१५

ख्रिस्त हा अदृश्य देवाचं रूप आहे, असं पौल इथे सांगतो. मित्रांनो, हे वाचताना मला चित्रकार आंजेलो द फोन्सेका आठवतात.

त्यांचा जन्म १९०२ चा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईत डॉक्टरकी शिकायला गेले, पण ती सोडली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही रमले नाहीत. मग बंगाल गाठलं आणि अवनींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस यांच्याकडे भारतीय चित्रकला शिकले.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मरिया रंगवली ती साडीतली, आपल्याकडच्या बाईसारखी. तिथल्या चर्चना गोऱ्या, युरोपीय चेहऱ्याच्या मरियेची सवय होती. त्यामुळे अनेकांना हे खपलं नाही. आपल्याच गावात आपल्या चित्रांना जागा नाही म्हटल्यावर फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. आश्रम अँग्लिकन लोकांनी उभारलेला, चित्रकार कॅथलिक! १९६७ मध्ये निधन होईपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांची बरीच चित्रं आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

आता प्रश्न असा, की चूक कोणाची? नासरेथची मरिया यहुदी मुलगी होती. ती युरोपीय नव्हती, तशी मराठीही नव्हती. म्हणजे दोन्ही चित्रंच. फरक एवढाच, की गोरा चेहरा इतका सवयीचा झाला होता, की ते चित्र आहे हेच लोक विसरले होते. मूर्तीपुढे वाकू नको या आज्ञेतला धोका मला इथेच दिसतो. इ.स. ७८७ च्या नायसिया परिषदेने हेच स्पष्ट केलं होतं: चित्राला दिलेला मान चित्रापाशी थांबत नाही, ज्याचं चित्र आहे त्याच्याकडे जातो.

चित्र म्हणजे खिडकी. काच बघत बसायचं नसतं, पलीकडे बघायचं असतं. पण खिडकी आपल्या घराला असली, तर पलीकडचा देव आपल्या अंगणात आलेला दिसतो. आमच्या भडगावात गिरणेवरून डोक्यावर पदर घेऊन येणारी एखादी आई दिसली, की मला मरिया लांबची वाटत नाही. शब्द देह झाला तो अशाच एका आईच्या पोटी.

आज घरातल्या क्रूसासमोर किंवा चित्रासमोर दोन मिनिटं बसा. मोबाईल बाजूला ठेवा.

प्रार्थना: प्रभू येशू, चित्रात अडकू देऊ नकोस, चित्रातून तुझ्यापर्यंत ने. आमेन.