लिंकनची किल्लेदारीण

मैत्रिणींनो, मी शाळेत इतिहास शिकवते. किल्ल्यांचा विषय निघाला, की मुलांच्या डोळ्यांसमोर तलवारी आणि पुरुषच येतात. मग मी त्यांना इंग्लंडमधल्या निकोला डे ला हे हिची गोष्ट सांगते.

लिंकन गावच्या किल्ल्याची किल्लेदारी तिच्या वडिलांकडे होती. ११६९ मध्ये ते वारले. मुलगा नाही, तीन मुलीच. किल्ला निकोलाकडे आला. पण बायकोचं वतन नवऱ्यानेच सांभाळायचं, असा तेव्हाचा रिवाज. ११९१ मध्ये राजा रिचर्ड धर्मयुद्धावर गेलेला असताना त्याच्या प्रधानाने लिंकनला वेढा घातला. निकोलाचा दुसरा नवरा तेव्हा किल्ल्यात नव्हता. तिने एकटीने किल्ला लढवला! वेढ्यात नुसत्या भिंती भक्कम असून भागत नाही. धान्य, पाणी, बाण आणि माणसांचा धीर, सगळंच पुरवून पुरवून वापरायचं असतं. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

१२१५ मध्ये सरदारांनी राजा जॉनला मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करायला लावली. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणा स्वतंत्र माणसाला कैद करायचं नाही, असं त्यात होतं. विधवेला तिचा वारसा लगेच मिळावा, मनाविरुद्ध तिचं लग्न लावू नये, हेही होतं. (कुळं-वेठबिगार यात धरलेले नव्हते, हे मी मुलांना आवर्जून सांगते.) राजाने लवकरच शब्द फिरवला आणि युद्ध पेटलं.

निकोला तेव्हा विधवा, साठी उलटलेली. १२१६ मध्ये जॉन लिंकनला आला, तेव्हा आता वय झालं म्हणून ती किल्ल्या परत द्यायला गेली. राजाने त्या तिच्याकडेच ठेवायला सांगितल्या. ऑक्टोबरमध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, त्याने तिला लिंकनशायरची शेरीफ नेमलं. बाईला हे पद म्हणजे तेव्हा नवलच!

पुढे बंडखोरांनी आणि फ्रेंचांनी शहर घेतलं. किल्ला मात्र तिने सोडला नाही. २० मे १२१७ ला राजाच्या फौजेने वेढा मोडला. आणि बक्षीस काय? चारच दिवसांत तिला काढून बालराजाच्या काकाला नेमलं. ती गप्प बसली नाही. दरबारात जाऊन दाद मागितली आणि किल्ला परत मिळवला. १२२६ पर्यंत तो तिच्याकडे होता. १२३० मध्ये ती गेली.

मुलं विचारतात, मग ती सनदेच्या विरुद्ध होती का? ती राजाच्या बाजूने लढली, हे खरंच. पण बालराजाच्या कारभाऱ्यांनीच ती सनद १२१६ आणि १२१७ मध्ये पुन्हा जारी केली, विधवांची कलमंही ठेवली. कायद्याशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये, हा विचार आपल्या घटनेच्या कलम २१ मध्येही आहे.

१२१५ च्या सनदेच्या आता चारच प्रती उरल्यात. त्यातली एक निकोलाच्याच किल्ल्यात जपून ठेवली आहे.