पंडिता रमाबाई : कष्टाच्या घरात सापडलेला आनंद

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, त्या संस्कृतच्या महापंडिता होत्या. दुसरी, त्या ख्रिस्ती झाल्या. पहिल्या गोष्टीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांना कधी माफ केले नाही. धर्म बदलणाऱ्या माणसाला कोणी काय आमिष दाखवले, एवढेच विचारायची इथल्या व्यवस्थेला खोड आहे. १९५६ नंतर आपणही ते पुरेसे ऐकले आहे. पण धर्म बदलल्यावर त्या माणसाच्या रोजच्या जगण्यात काय बदलले, हे कोणी विचारीत नाही. रमाबाईंच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्मपंडितांनी त्यांना जाब विचारला. ही गोष्ट ब्राह्मणाच्या घरातली आहे, हे लक्षात घ्या. मग शूद्र-अतिशूद्रांच्या घरी अक्षर पोहोचू नये म्हणून केवढा बंदोबस्त असेल! पुढे शास्त्रीबुवांची मालमत्ता गेली आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. आईने रमाला शिकवले ते या भटकंतीतच.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. उरलासुरला पैसा ब्राह्मणभोजनात आणि दानधर्मात गेला. देव प्रसन्न होतील म्हणून उपास झाले, जपजाप्य झाले, मूर्तींना प्रदक्षिणा झाल्या. अन्न संपले तरी या विद्वान कुटुंबातल्या कोणाला मजुरीचे काम करता येईना. येत नव्हते आणि लाजही वाटत होती. भीक मागायचीही लाज. अशा स्थितीत काही महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाई गेली. आईचे प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने खांदा दिला. उंची कमी म्हणून तिला तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. जातीचा अभिमान उच्चवर्णीयालाही उपाशी मारतो, हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नाहीत. पुढचे सगळे आयुष्य समजून घ्यायचे तर ही तिरडी विसरता येत नाही.

१८७८ साली भाऊ श्रीनिवासबरोबर त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांच्या कर्तव्यावर व्याख्याने द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे मुळातून वाचली. या ग्रंथांचे आपसात पटत नाही, पण स्त्री आणि शूद्र हीन आहेत यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. जोतीराव फुले जे बाहेरून सांगत होते, ते या बाईला आतून, खुद्द संस्कृतातून सापडले. भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. मेधावी कायस्थ, म्हणजे ब्राह्मणांच्या हिशेबी शूद्र. फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. चोवीसाव्या वर्षी हातात तान्ही मनोरमा आणि कपाळी वैधव्य.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांना या जोगिणी कशा सांभाळतात, हे त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाहायला मिळाले. अशा बायकांबद्दल आपल्या शास्त्रांत दया नाही, मग ही दया आली कुठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ही गोष्ट आपल्या वाचकांनी नीट ऐकावी. यहुदी लोक शोमरोन्यांना कमी लेखत, त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. येशू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि त्या बाईच्या हातचे पाणी मागतो. चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे सनातन्यांनी आणि सुधारकांनीही ओरड केली, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा फुले. १८८५ चे ‘सत्सार’ त्याची साक्ष देते.

पण बाप्तिस्म्याने लगेच मन शांत झाले, असे झाले नाही. गोऱ्या धर्मगुरूंशी त्यांचे खटके उडत राहिले. पुरुषांना शिकवू नका, म्हटल्यावर त्यांनी विरोध केला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, म्हणून त्या भांडल्या. सामान्यांना न कळणारी देवभाषा त्यांनी एकदा सोडली होती, दुसरी त्यांना नको होती. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. काम जोरात चालले होते, तरी मनात समाधान नव्हते. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. तोवर त्या शास्त्रार्थ करीत होत्या, नियम तपासत होत्या, म्हणजे जुनीच सवय नव्या धर्मात चालू होती. आपली किंमत व्रतांवर, पुण्याच्या साठ्यावर किंवा जन्मावर ठरत नाही, आहोत तसे आपण देवाला हवे आहोत, एवढे त्यांना पटले. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात आनंद हा शब्द येऊ लागला आणि तो पुढे कमी झाला नाही.

त्याची परीक्षा लवकरच झाली. त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही विधवा मुली आपणहून येऊन बसत. १८९३ साली पुण्यात यावर रण माजले. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केले नाही.

इथे आपण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शारदा सदन हे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे जातीचे सोवळे-ओवळे पाळायला मोकळीक होती. १८८७ साली अमेरिकेत गाजलेले त्यांचे पुस्तकही उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच होते. बहुजनांच्या बाया तोवर त्यांच्या कामात फारशा नव्हत्या. ती चौकट मोडली १८९६-९७ च्या दुष्काळाने. रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडजवळ केडगावच्या माळावर नेले. प्लेगच्या छावणीतल्या गैरकारभारावर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून सरकारलाही सुनावले, हे त्यांना गोऱ्यांच्या हस्तक म्हणणाऱ्यांनी वाचावे. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आता जात विचारायला सवड कोणाला? सगळ्यांची पंगत एकच झाली. नाव ठेवले मुक्ती. हाच शब्द घेऊन बाबासाहेबांनी १९३६ साली मुंबईत मुक्ती कोन पथे असे विचारले. त्यांचे उत्तर वेगळे निघाले, तो आपला मार्ग. पण प्रश्न एकाच जखमेतून आलेला होता.

केडगावात रमाबाईंचा आनंद कसा दिसत होता? विहिरी खणणे, शेत, गाईगुरे, माग, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक, छापखाना. जिच्या घरच्यांना मजुरीची लाज वाटत होती, तिने दोन हजार बायकांचे घर मजुरीवर उभे केले. कोणतेही काम हलके नाही आणि काम करणारी बाई तर नाहीच. मनोरमाबाईंच्या पुढाकाराने आंधळ्या मुली ब्रेल वाचू लागल्या. लोकांनी टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. पहाटे प्रार्थना आणि मग दिवसभर काम, पण या दोहोंत त्यांनी भिंत ठेवली नाही. १९०५ साली तिथे सामुदायिक प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली रडत, ओरडत प्रार्थना करीत. विवेकवादी वाचकाला ते खटकेल आणि मलाही खटकते. पण ज्या पोरींना रडायलाही जागा नव्हती, त्यांना ती मिळाली, हेही विसरू नये.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीची भाषांतरे पंडिती आहेत, शेतावरच्या बाईला कळत नाहीत, ही त्यांची तक्रार. संस्कृतच्या सरस्वतीने आयुष्याची शेवटची वर्षे संस्कृत शब्द गाळण्यात घालवली! खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या केडगावच्याच बायका होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता चाळीस वर्षांची लेक. रमाबाईंचे कान जवळजवळ गेले होते, प्रकृती खालावली होती. त्यांनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. शेवटची पाने वाचून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्या गेल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.