काळजीच्या दिवसांतला सोबती : संत फ्रान्सिस डी सेल्स



घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा, वडीलधाऱ्यांचे आजारपण, नोकरीची धाकधूक... सकाळी डोळे उघडताच काळज्या आपल्याला घेरतात. संतांना कसली आली चिंता, असे आपल्याला वाटते. पण २४ जानेवारीला ख्रिस्तसभा ज्यांचे स्मरण करते, ते संत फ्रान्सिस डी सेल्स खोल निराशेतून गेले होते.

त्यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉय येथे, आजच्या फ्रान्समध्ये, एका सरदार घराण्यात झाला. ते शिक्षणासाठी पॅरिसला असताना, १५८६च्या अखेरीस, एका विचाराने त्यांना ग्रासले. देवाने आपल्याला टाकले आहे, आपले तारण होणारच नाही, असे त्यांना वाटू लागले. तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. अन्न गोड लागेना, झोप येईना. असे काही आठवडे गेले. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी ठरवले की, पुढचे देव जाणे, पण जिवंत आहोत तोवर तरी त्याच्यावर प्रीती करायची. मनावरचे ओझे उतरले. उद्याचे कोडे सुटले नव्हते. त्यांनी फक्त आजचा दिवस देवाला दिला होता.

वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. फ्रान्सिस कायद्याचे पदवीधर झाले, पण १५९३ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी त्यांना शाब्ले प्रांतात पाठवण्यात आले. तेथील बहुतेक लोक कॅल्विनपंथी होते. प्रवचनाला मोजकीच माणसे येत. फ्रान्सिस खचले नाहीत. त्यांनी छोटी पत्रके लिहिली आणि लोकांच्या दारांखालून आत सरकवली. हळूहळू दारे उघडली आणि मनेही. म्हणूनच ते पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण ते शहर विरोधकांच्या ताब्यात असल्याने त्यांना आन्सी येथे राहावे लागले. स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना कधीच बसता आले नाही. तरी कुरकुर न करता ते डोंगराळ गावांतून फिरले, मुलांना धर्मशिक्षण दिले, दुःखितांना असंख्य पत्रे लिहिली.

१६०९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे भक्तिजीवनावरील पुस्तक प्रापंचिक माणसांसाठी होते. त्यात काळजीवर एक प्रकरण आहे. जाळ्यात सापडलेला पक्षी जितका फडफडतो तितका अधिक गुंततो, तसेच घाबऱ्या मनाचे होते, असे ते समजावतात. म्हणून आधी मन शांत करावे, मग सावकाश उपाय शोधावा. आणि मनातले दुःख धर्मगुरूंना किंवा एखाद्या विश्वासू मित्राला सांगावे, कारण सांगितल्याने ते हलके होते.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिऑन येथे त्यांना देवाज्ञा झाली. पुढे संत डॉन बॉस्को यांनी आपल्या संस्थेला त्यांचेच नाव दिले. आपल्याकडील सलेशियन फादर त्याच संस्थेचे.

या आठवड्यात काळजीने मन भरून आले, तर आपणही पाच मिनिटे शांत बसू या. मनातले देवाला सांगू या, घरच्या कुणा एकालाही सांगू या. मग आज हाताशी असलेले एकच काम हाती घेऊ या. उद्याचा दिवस देवाचा आहे.

संत फ्रान्सिस डी सेल्स, आम्हांसाठी विनंती कर.