जात्यावरची डायरी

मन शांत ठेवायला ॲप घेतलंय? स्टोइक विचारांची रील्स सेव्ह केलीत? छान! आता जरा आपल्या जळगावकडे बघा.

असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात मुलं. शेत आणि चूल थोडीच थांबणार होती? दळताना, शेतात राबताना त्या मनाचा, संसाराचा, मरणाचा विचार करत आणि तो ओव्यांत गुंफत. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस स्वतःसाठी टिपणं लिहायचा. यांची वही म्हणजे जातं. आपलं दुःख त्यांनी लपवलं नाही, गाण्यात मांडलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

मुलगा सोपानदेव आणि मावसभावाने टिपून ठेवली, म्हणून काही गाणी उरली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जळगाव असो की धुळे, आज तुमच्या मार्कशीटवर विद्यापीठाच्या नावात त्याच आहेत!

ॲप असू द्या. पण आज भांडी घासताना किंवा एसटीत बसल्यावर इअरफोन काढा आणि स्वतःला विचारा : दिवसभरात माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं?